मादलाला लावलेली कणीक

नरजित दाजू,

तुझा मादल अजून माझ्याकडेच आहे. देवघराच्या भिंतीवर जो उंच खिळा आहे, त्याला टांगलेला. परवा तुझा मुलगा येतोय. गावाहून गोरखपूरपर्यंत बस आणि तिथून रेल्वे, जागा मिळाली तर तेराव्याच्या आत पुलगावला पोचेल, असं लालमान म्हणतो. तो आला की मादल त्याच्या हातात द्यायचा आहे. त्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायची होती. म्हणजे कालपर्यंत सांगायची होती. आता भांडायचं आहे.

तू गेलास त्याला आज नऊ दिवस झाले. दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या फाटकावरच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, ‘आपले बहादूर वारले.’ सोळा वर्षं त्या फाटकावर उभा राहिलास, पण नेपाळी पहारेकरी म्हणजे बहादूर, याच्या पुढे गाव काही गेलं नाही. मी शाळेत जाताना ‘बहादूर’ पुसून ‘नरजित’ लिहिलं. खडू पर्समध्ये असतोच. मास्तरीण असण्याचा एवढा तरी उपयोग.

तू आणि लालमान आमच्या मागच्या खोलीत राहायला आलात तेव्हा मी मॅट्रिकला होते. दोघं एकाच डोंगरातले, एकाच वाडीतले. लालमान लष्करी डेपोत पहाऱ्यावर, तू कापसाच्या जिनिंगवर. दोघांच्या मिळून दोन पत्र्याच्या पेट्या, एक वळकटी आणि हा मादल. बाबा तेव्हा गिरणीत होते आणि गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. बिऱ्हाड कुणाचं, जात कोणती, जेवायचं कसं, हे सगळं आईनं विचारलं. बाबांनी फक्त मादल उचलला.

“हे काय व्हय गा?”

“मादल, बाबूजी.”

बाबांनी तो मांडीवर आडवा घेतला. मृदंगासारखाच, पण लहान, मधे थोडा फुगीर, दोन्ही तोंडांना चामडं आणि ते आवळायला बाजूनं वाद्या. लाकडावर बोटाच्या पेरानं ठोकून ते म्हणाले, “शिवणीचं लाकूड हाये. पन दोन्हीकून शाई? डाव्या तोंडाले शाई काऊन?”

“आमचा असाच.”

“मंग कणीक कुठं लावतं?”

“कणीक आमी खातो, बाबूजी.”

बाबा इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्या घरातल्या कुणालाच त्या प्रश्नात वावगं काही दिसलं नसतं. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापायची, म्हणजे त्याचा आवाज खाली बसतो आणि घुमतो, हे आम्हाला पाढ्यांच्याही आधी ठाऊक. भजनाच्या दिवशी पोळ्यांच्या कणकेतून एक गोळा बाजूला काढून तो सैल भिजवणं हे माझं काम होतं. आणि भजन संपलं की ती कणीक खरवडून काढायची, मगच मृदंग ठेवायचा. “कणीक निंघाल्याबिगर मृदंग खाली ठेवाचा नाई,” असं बाबा दर वेळी म्हणायचे. उंदीर येतात म्हणून. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावर पडणंच बंद झालं होतं.

त्या दिवशी बाबा म्हणाले, “हे तं मृदंगाचं पिल्लू व्हय.” तू म्हणालास, “नाही बाबूजी. मृदंग बसते. मादल चालते, नाचते. मृदंग मादलचा बुढ्ढा बाप.” हा तुमचा वाद बाबा जाईपर्यंत चालला आणि मिटला नाही. बाबांच्या तिरडीला तू खांदा दिलास. घरी आल्यावर मृदंगाच्या खोळीवर हात ठेवून उभा होतास. तेव्हा मला वाटलं, आता तू म्हणशील की बाबूजींचं खरं होतं. पण हरायची सवय तुला नव्हतीच.

मला भाऊ नाही. ज्या मुलीला भाऊ नसतो ती भाऊबिजेला चंद्राला ओवाळते, तशी मीही ओवाळायची. पहिल्या वर्षी अंगणात तू मला पाहिलंस. ताट घेऊन आभाळाकडे बघत काय करून राह्यली, असं तू आईला विचारलंस. आईनं सांगितलं. तू नुसती मान हलवलीस. पुढच्या वर्षी भाऊबिजेला धुतलेला शर्ट घालून, डोक्याला तेल चोपडून सकाळीच दारात हजर. “सालू बहिनी, चंद्र दूर आहे. मी जवळ आहे.” श तुझ्या तोंडून कधी निघाला नाही आणि मीही तो काढून घेतला नाही. तुमच्यात थोरल्या भावाला म्हणतात म्हणून त्या दिवसापासून तू माझा दाजू.

पण तुझी भाऊबीज आमच्यासारखी साधी नव्हती. तुला सात रंगांचा टिळा हवा होता. माझ्याभोवती तेलाची रेघ ओढ, असं तू मला शिकवत होतास. उंबऱ्यावर अक्रोड फोडायचा होता, आणि पुलगावात अक्रोड कुणी आणायचा? शेवटी सुपारी फोडली. “ही खोटी भाऊबीज,” मी म्हणाले. “तर तुझी पण खोटी. एक टिळा, काय टिळा?” तू म्हणालास. दर वर्षी आपण हे भांडण काढायचो आणि दर वर्षी सुपारीच फोडायचो. त्याच्या दोन-तीन दिवस आधी तू गल्लीतल्या खरजुल्या कुत्र्याला झेंडूची माळ घालून टिळा लावायचास. तो तुमचा कुत्र्यांचा सण. ते कुत्रं चार दिवस माळ घालून फिरायचं आणि लोक म्हणायचे, बहादूरचा जावई चालला.

मला मादल तू शिकवलास. रात्रपाळी करून तू दुपारी उठायचास, तेव्हा बाबा गिरणीत असत. आमच्याकडे बाईनं टाळ वाजवावा, मृदंग नाही. शास्त्रात असं काही होतं की नाही, माहीत नाही, बाबा म्हणायचे, “बाईच्या हाताले ते वजन नाई.” तू म्हणालास, मादलाला वजन नकोच, चाल हवी. तुमच्या डोंगरात तिला झ्याउरे म्हणतात. तीन आणि तीन, मधे एक लचका. भजनी ठेक्यात वाढलेल्या माझ्या हाताला तो लचका सहा महिने सापडला नाही. सापडला त्या दिवशी बाबा लवकर घरी आले होते आणि दारात उभे होते. मला ते दिसलेच नाहीत. तू पाहिलंस आणि मला थांबवलं नाहीस.

 दोन दिवसांनी जेवताना ताटाकडे पाहत बाबा म्हणाले, “कोजागिरीपासून माह्याजवळ बसत जाय. पन एक चूक दिसली का बंद. वाद्याले जपता आलं पायजे, वाजवणं मंग.” त्या रात्री मी जेवले की नाही, मला आठवत नाही. आणीबाणी उठली ते वर्ष होतं. मी येऊन-जाऊन वर्ध्याला डी.एड. करत होते. मृदंगाला माझा हात पहिल्यांदा लागला तो त्या कोजागिरीला.

आणि दिवाळी त्यानंतर पंधरा दिवसांनी.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तू मादल घेऊन ओट्यावर बसला होतास आणि कुरकुरत होतास. “ह्या गावची हवा लई सुकी. पोट वर चढला मादलचा.” खरंच, मोठ्या तोंडाचा आवाज ठणठणीत झाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमची मंडळी डेपोच्या लायनीत दारोदार गाणी म्हणत फिरणार होती. एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी झेलायची. लालमान ओळ म्हणणारा आणि तू मादलावर. वर्षातला हा एकच दिवस होता ज्या दिवशी तुला कुणी बहादूर म्हणत नसे, कारण तिथे सगळेच बहादूर होते.

दिवस मावळता तुम्ही दोघं ड्युटीवर गेलात. खोलीची किल्ली नेहमीसारखी आमच्याकडे. मी करंज्यांच्या कणकेतून एक गोळा घेतला, सैल केला आणि तुझ्या मादलाच्या मोठ्या तोंडावर, त्या काळ्या शाईवरच थापला. कणीक आमी खातो, हे तू सांगितलं होतंस. पण मी मृदंगवाल्याची मुलगी. पंधरा दिवसांपासून तर हाताला शिंगंच फुटली होती. दोन थापा मारून पाहिल्या. आवाज खाली बसला आणि असा घुमला की मला वाटलं, उद्या तू विचारशील, ही जादू कुणी केली. तेवढ्यात आईनं हाक मारली, तेल तापलं म्हणून. मी मादल तिथंच ठेवून गेले. मग करंज्या, मग चकल्या, मग पणत्या.

सकाळी आठवलं. तू परतायच्या आत खोलीत गेले. उंदरांनी कणीक खाल्ली होती, आणि कणकेसोबत खालचं चामडंही. पुरीएवढं भोक. उरलेली कणीक मी नखानं खरवडली, पदरात घेतली, मादल भिंतीकडे तोंड करून ठेवला, कुलूप लावलं आणि जाऊन रांगोळी काढायला बसले. ठिपके सरळ आले होते, हे मला अजून आठवतं.

तू ओरडला नाहीस. मादल मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलास. तो तुझ्या काकानं केलेला होता आणि तू डोंगरातून खांद्यावर आणला होतास. मग तुझं लक्ष कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेलं. लालमाननं सणासाठी पोहे आणून ठेवले होते. “तुझ्या ह्या पोह्यांनी उंदीर आणले,” तू म्हणालास, आणि मग मात्र जे बोललास ते सगळं तुमच्या भाषेत होतं, तरी मला कळलं. लालमान एकच वाक्य म्हणत राहिला, आम्हाला ऐकू यावं म्हणून आमच्या बोलीत. “पोतं पाह्य ना. पोत्याले भोक नाई. पोतं पाह्य.”

पोत्याला खरंच भोक नव्हतं. मी झारा हातात घेऊन दारात उभी होते. मी पाहिलं होतं. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. पण आतल्या खोलीत बाबा होते आणि ‘एक चूक दिसली का बंद’ हे मला त्या क्षणी लख्ख ऐकू येत होतं. मी मृदंग वाचवला, दाजू. तुझा मादल गेला होता, लालमानचा मान चालला होता, आणि मी माझा मृदंग वाचवत होते.

त्याच सकाळी लालमान पेटी उचलून डेपोच्या लायनीत राहायला गेला, तो परत आमच्या खोलीत आला नाही.

संध्याकाळी बाबांनी जे केलं त्यानं मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. गळ्यात मृदंग अडकवून ते तुझ्याबरोबर लायनीत गेले. “सणाच्या दिवशी तालाबिगर कसं राह्यल माणूस,” म्हणाले. झ्याउरेचा लचका त्यांना काही जमला नाही. भजनाचा ठेका धरला आणि तुमची पोरं त्यावर अडखळत नाचली. ओळ म्हणायला लालमान नव्हता. परत आल्यावर तू माझ्या आईला म्हणालास, “बाबूजींनी आज आमचा देव विठोबा केला.” सगळे हसले. मी पाणी आणायला आत गेले.

भाऊबिजेला मी तुला ओवाळलं. कसं ओवाळलं, ते मलाच ठाऊक.

नंतर तू वर्ध्याला, मृदंगाला चामड्याच्या पुड्या बसवणाऱ्याकडे मादल नेलास. त्यानं मृदंगाच्या हिशेबानं पुडी बसवली, त्यामुळे मादलाचा आवाज कायमचा जरा जाडा झाला. तू म्हणायचास, आता हा वऱ्हाडी बोलतो. आणि दिवाळीनंतर पंधरा दिवसांत तू आणि लालमान पानठेल्यावर एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे दिसलात. मला वाटलं, पुरुषांची भांडणं अशीच मिटत असतील. जीव हलका झाला, आणि हलका झाला म्हणून स्वतःची शरमही वाटली.

तेव्हापासून तुला एक सवय लागली. मादल वाजवायला घेतलास की आधी काठावरून, वाद्यांच्या खालून, नख फिरवायचास आणि ते नाकाशी नेऊन वास घ्यायचास. लग्नानंतर मी याच गल्लीत राहिले, त्यामुळे दर दिवाळीला तू माझ्या ओट्यावर बसून हेच करायचास आणि माझ्याकडे बघायचास. “काय बघतोस?” “काही नाही. हवा बघतो.” मी विद्यार्थ्यांना सांगायचे की खरा वादक असा असतो, वासावरून चामड्याची तब्येत ओळखतो. शाळेत सांगितलंय मी हे, फळ्यासमोर उभं राहून.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा भाऊबिजेला ताट हातात असताना म्हणाले, “दाजू, एक सांगायचं होतं.” तू म्हणालास, “आधी करंजी.” बाबा गेल्यावर तर कुणाची भीती उरली नव्हती. मृदंग माझ्याकडे आला होता, महिला मंडळात मी वाजवत होते, एक चूक दिसली का बंद म्हणणारंच कुणी नव्हतं. तरी नाही सांगितलं. आता इतक्या वर्षांनी कशाला, हे वाक्य फार सोयीचं असतं. दर वर्षी ते आणखी सोयीचं होत जातं.

दवाखान्यात जायच्या दिवशी तू मादल माझ्याकडे पाठवलास. पाच दिवसांनी मी भेटायला आले तेव्हा ठरवूनच आले होते. तुला बोलताना धाप लागत होती. मी स्टूल ओढलं, आणि तूच विचारलंस, “मादल कुठं ठेवला?”

“खिळ्याला. वर.”

“वर ठीक,” तू म्हणालास. “वर ठीक.” आणि हसलास. हसण्यात खोकला आला, नर्सनं मला बाहेर काढलं. मला वाटलं, आजारपणात माणूस कशालाही हसतं.

काल लालमान आला. तुझ्या मुलाची तार दाखवायला. चहा बशीत ओतून पीत होता. मी म्हटलं, हा तरी उरलाय, याची तरी माफी मागावी. सगळं सांगितलं. करंजीची कणीक, भोक, पदर, पोतं. सांगताना मी रडले नाही. वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं. त्यानं बशी खाली ठेवली.

“मले मालूम हाये, बहिनी.”

“काय माहीत आहे?”

“आठव्या दिवशी नरजित आलता माह्याकडं. वर्ध्याच्या मिस्तरीनं वाद्या सोडल्या तं कणकीचे सुके तुकडे पडले. रुमालात बांधून आणले त्यानं. बोलला, लालमान, तुझे पोहे नाई, सालूची कणीक. माझे पाय धरले.”

मी विचारलं, मग मला का नाही बोलला?

“मी बोललो, चल, तिले विचारू. तो बोलला, नको. बाबूजीले समजलं तं बाबूजी तिच्या हातचा मृदंग काढून घेईल. मंग ते पोरगी काय वाजवल? तू पन बोलू नको. मी नाई बोललो.” बशी पुन्हा उचलून म्हणाला, “बाबूजी गेले तेव्हा मी बोललो, आता तरी सांग. तो बोलला, आता तीच सांगल. वाट पाहू.”

दहा वर्षं, दाजू. दहा वर्षं मी एकटी हे उराशी घेऊन बसले होते आणि तुम्ही दोघं पानठेल्यावर उभे राहून वाट पाहत होतात. मला राग आला आहे. काठावरून नख फिरवून माझ्याकडे बघायचास, तेव्हा ‘हवा बघतो’ म्हणायची काय गरज होती? एकदा नुसतं ‘कणीक’ म्हणाला असतास तर मी तिथंच सगळं ओकून टाकलं असतं. ‘वर ठीक’ म्हणून हसलास, तेव्हा तरी सांगायचं. तुला गंमत वाटत होती. कबूल कर, तुला गंमत वाटत होती.

आणि राग येतोय तोवर हेही कळतंय की माझ्या हाताखालचा मृदंग तुझ्या गप्प राहण्यावर उभा आहे. बाबांनी मला शिकवलं ते सगळं त्या दिवाळीच्या नंतरचं. तू रुमाल आमच्या दारात सोडला असतास तर आज महिला मंडळात मी टाळ कुटत बसले असते. हे मी तुझ्या तोंडावर कधीच म्हणू शकले नसते आणि तूही म्हणू दिलं नसतंस. म्हणून इथं लिहिते. तुझे उपकार आहेत माझ्यावर. सांगितलं नाही त्याबद्दल मला माफ कर. आणि तू सांगितलं नाहीस त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही, ते सवडीनं करीन.

भाऊबीज जवळ आली आहे. चंद्र आहेच.

आज सकाळी मादल खाली काढला, पुसला. तुझ्या मुलाला आपली बोली येत नाही, असं लालमान म्हणतो. ठीक आहे. परवा त्याच्या हातात देण्याआधी मी मादलाच्या काठावरून, वाद्यांच्या खालून, नख फिरवीन, नाकाशी नेऊन वास घेईन, आणि मग देईन. त्याला वाटेल, इकडची काही रीत असेल.

वाटू दे.